‘फायबर घ्या, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सारख्या तुटणाऱ्या नेटवर आणि खरखरणाऱ्या फोनवर मी लिहिलेला लेख वाचून तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो. तुमचं म्हणणं असं: ‘राउटर बंद करून चालू करा, एवढंच सांगायला इतका मोठा लेख कशाला? लँडलाइनची तांब्याची लाइन आता ठेवतं कोण? फायबर घ्या, विषय संपला. आणि दर महिन्याला पैसे भरणाऱ्या ग्राहकाने घरातल्या तारा का तपासत बसायच्या? शिवाय स्प्लिटरबद्दल, म्हणजे फोनचा आवाज आणि नेट वेगळं करणाऱ्या डबीबद्दल, लिहिलंय ते चुकीचं आहे.’ शेवटी तुम्ही हेही लिहिलंत की नेरूळला तुमच्याकडे फायबर आहे, तरी रात्री दहानंतर नेट जातं. त्याकडे येतोच.

आधी माझी चूक. स्प्लिटरबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘राउटरशेजारी एक स्प्लिटर लावला की काम झालं,’ असं मी लिहिलं होतं. घरातले सगळे फोन त्या एका स्प्लिटरमधूनच पुढे गेलेले असतील, तरच ते खरं. लाइन घरात शिरते तिथूनच एखादं एक्स्टेन्शन आतल्या खोलीत नेलेलं असेल, तर त्या फोनला वेगळा फिल्टर लागतो. आवाज आणि नेट तांब्याच्या दोन तारांच्या एकाच जोडीवरून येतात. आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो, एडीएसएलचं, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं, नेट साधारण २५ किलोहर्ट्झपासून वर सुरू होतं आणि एडीएसएल-२ प्लस असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. मध्ये फिल्टर नसेल तर फोन वाजताना, उचलताना, ठेवताना जी उलथापालथ होते ती नेटच्या पट्ट्यात घुसते आणि राउटरची पकड सुटते. ‘फोन आला की नेट जातं’ असं कुणी म्हणालं, की पहिला संशय त्या आतल्या खोलीतल्या फोनवरच घ्यायला हवा. लेखात दुरुस्ती केली आहे. माझ्या त्या वाक्यावर विसंबून कुणी राउटर बदलला असेल, तर त्यांची मनापासून माफी मागतो.

पण ‘बंद करून चालू करा’ हे मी सांगितलेलं नाही. माझा सगळा आग्रह नेमका उलटा आहे. नेट गेलं की आपला हात सवयीने स्विचकडे जातो. तो थांबवा आणि दोन मिनिटं राउटरकडे बघा. बहुतेक घरगुती राउटर आपली नोंदवही आणि चुकांचे आकडे तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज काढली की ते पुसले जातात. नेट का गेलं हे सांगणारी एकमेव गोष्ट आपण आपल्याच हाताने पुसून टाकतो आणि नंतर म्हणतो, काय होतंय कळत नाही.

दिवे खूप काही सांगतात. डीएसएलचा दिवा लुकलुकत असेल तर तारेवरची पकड सुटली आहे. तो स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा लाल आहे, तर तार ठीक आहे, लॉगिन किंवा कंपनीच्या बाजूला बघायला हवं. सगळेच दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर दोष लाइनचा नाही, बहुधा अ‍ॅडॅप्टर मरायला टेकला आहे. स्वस्त अ‍ॅडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने सुकतात, राउटरवर भार वाढला की व्होल्टेज खाली येतं आणि राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. असा राउटर भंगारात देऊन लोक नवा आणतात. नव्या राउटरबरोबर नवा अ‍ॅडॅप्टर येतो, म्हणून तो चालतो, आणि दोष जुन्या राउटरचाच होता असं सगळ्यांना वाटतं.

आता तांब्याची लाइन कोण ठेवतं, ते सांगतो. माझी आई ठेवते. नौपाड्यात आमची तीन मजली जुनी इमारत आहे. पुनर्विकासाची बोलणी किती वर्षं चालू आहेत ते आता मोजणं सोडलं. ‘इमारत पडणारच आहे, आता भिंतींना भोकं नकोत,’ या एका वाक्यावर सोसायटीने नव्या केबलला परवानगी नाकारली आहे. ठाण्यात अशा कितीतरी इमारती आहेत, चरई, पाचपाखाडी, जुनी कोपरी कुठेही बघा. तिथे फायबर घ्या म्हणणं सोपं आहे, घेणं रहिवाशाच्या हातात नाही. आणि आईचा तो नंबर साताऱ्याच्या मावश्यांना पाठ आहे, बँकेत आहे, डॉक्टरांकडे आहे. तिला मोबाइल येतो, पण तिचं बोलणं त्या फोनवर होतं.

गेल्या वर्षी जून संपता संपता तिचा फोन खरखरायला लागला आणि त्याच जोडीवरचं नेट तुटायला लागलं. मी सर्वात आधी राउटर बदलला. फरक पडला नाही. तक्रार केली, लाइनमन आले सकाळी अकराला, ऊन पडलेलं, डायल टोन स्वच्छ. ‘टेस्ट ओके’ लिहून तक्रार बंद झाली. तीन दिवसांनी पुन्हा तेच. दुसरी तक्रार, पुन्हा सकाळ, पुन्हा ओके. त्या माणसाला मी दोष देत नाही. जो बिघाड येतो-जातो तो ते आले तेव्हाच दाखवणार कसा?

मग आईने एक गोष्ट केली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितो तसं, नेट गेलं की वेळ लिहायची. शेजारी पाऊस असेल तर ‘पा’. बारा-तेरा दिवसांनी मी ते बघितलं आणि सगळं समोर आलं. जिथे वेळ तिथे ‘पा’. आणि पाऊस सुरू झाल्या झाल्या नाही, तर तासा-दीड तासाने. म्हणजे पाणी कुठेतरी हळूहळू झिरपत होतं.

त्यानंतर मी राउटरच्या पानावर जायला लागलो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ लिहिलं की बहुतेक राउटरचं पान उघडतं, नाही उघडलं तर राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर पत्ता असतो. तिथे दोन आकडे बघायचे. एक अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे टेलिफोन एक्सचेंजपासून येताना सिग्नल किती क्षीण झाला. हा मुख्यतः तारेच्या लांबीवर ठरतो, तो रोज फारसा हलत नाही. दुसरा एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटावर सिग्नल अजून किती डोकं वर काढून आहे. तो ६ डेसिबलच्या खाली गेला की लाइन डळमळते. आमच्याकडे कोरड्या दुपारी तो ११ असायचा आणि पावसानंतर ४ वर यायचा, कधी ३ वर. अ‍ॅटेन्युएशन मात्र जवळपास तेवढंच. अंतर बदललेलं नाही, गोंगाट वाढला आहे, आणि तो पावसाबरोबर वाढतो आहे. हे कळल्यावर राउटरवर संशय घ्यायचं कारणच उरलं नाही.

तिसऱ्या वेळी आईने लाइनमनना चहा दिला आणि कॅलेंडर खाली काढून हातात दिलं. ‘भाऊ, हे बघा, पाऊस पडून गेला की जातो.’ त्यांनी ते नीट वाचलं. मग घरातल्या फोनला हातही न लावता ते थेट गच्चीवर गेले. पन्हळीच्या पाइपाजवळ बाहेरून येणाऱ्या तारेचा एक जुना सांधा होता, नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी सोडवली तर आत तांबं हिरवं पडलेलं. त्यांनी खराब तुकडा कापून टाकला, जेली भरलेल्या कनेक्टरने नवा सांधा केला आणि तो पन्हळीपासून दूर बांधला. वीस मिनिटांचं काम. त्यानंतरच्या पावसात मार्जिन १० च्या खाली आलं नाही.

म्हणून ‘ग्राहकाने का तपासायचं’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की दुरुस्ती आपण करायचीच नाही. खांबाला, जिन्यातल्या डीपी बॉक्सला, म्हणजे सगळ्या घरांच्या तारा जिथून वाटल्या जातात त्या पेटीला, हात लावायचा नाही, ती जागा त्यांची. उघड्या तारांशी ओल्या हाताने खेळायचं नाही, फोन वाजतो तेव्हा त्या जोडीवर सुमारे ७५ व्होल्ट असतात आणि झटका चांगला बसतो. विजा चमकत असतील तर लाइन राउटरमधून काढून ठेवायची. पण बिघाड होतो तेव्हा घरात आपण असतो, लाइनमन नसतात. त्या वेळी काय दिसलं हे सांगणारं दुसरं कुणी नाही.

एक चाचणी तर कुणालाही जमते, फक्त बिघाड चालू असतानाच करा. घरातलं सगळं काढा, राउटर, स्प्लिटर, एक्स्टेन्शन, सगळं. लाइन घरात येते त्या रोझेट बॉक्सला एकच साधा, तारेचा फोन लावा. एखादा आकडा दाबा, डायल टोन थांबेल, त्या शांततेत कान देऊन ऐका. खरखर असेल तर दोष बाहेरचा, तक्रार करा. शांतता असेल तर दोष बहुधा घरात आहे. मग एकेक वस्तू परत जोडा, दोन एकदम नको, नाहीतर कोणती दोषी ते कळणार नाही. मी राउटर बदलला तेव्हा हेच आधी केलं असतं तर पैसे वाचले असते.

आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. निवारण पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि निर्णयासाठी ३९ दिवसांची मुदत आहे. तिथे ‘नेट नीट चालत नाही’ एवढंच लिहिण्यापेक्षा कॅलेंडरच्या पानाचा फोटो जोडला तर वजन पडतं. तुम्ही पैसे भरता हे अगदी खरं आहे, म्हणूनच तुमच्याकडे पुरावा असावा असं मला वाटतं.

फायबरला माझा विरोध नाही. काचेला पाणी बाधत नाही, गंज चढत नाही, मिळत असेल तर जरूर घ्या. पण विषय तिथे संपत नाही. रस्ता खणला की तीही तुटते, उंदीर तीही कुरतडतात. कपाटामागे पॅचकॉर्ड, म्हणजे घरातली फायबरची बारीक वायर, करकचून वळवली तर प्रकाश बाहेर सांडतो. आणि वीज गेली की घरातला ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन लागते ती डबी, बंद, त्याच्यावरचा फोनही बंद. तांब्याच्या जोडीवर एक्सचेंजच्या बॅटऱ्यांचे सुमारे ४८ व्होल्ट येत राहतात, म्हणून इमारतीत अंधार असतानाही आईचा साधा फोन लागतो. कॉर्डलेस लागत नाही, त्याच्या बैठकीला वीज हवी. फायबर घेतलंत तर ओएनटी आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, एवढं ऐका. दोन्हींना १२ व्होल्टच लागतात ना, ते मात्र आधी अ‍ॅडॅप्टरवर वाचा.

आता तुमचं रात्री दहाचं दुखणं. नेट जाईल तेव्हा ओएनटीवरचा एलओएसचा दिवा बघा. लाल असेल तर प्रकाशच येत नाही, तक्रार करा. पॅचकॉर्ड कुठे दुमडलेली नाही ना तेवढं डोळ्यांनी पाहा, ती उपसू नका, टोकाला धूळ बसते. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा मिळाला तर लिहून घ्या. तो उणे असतो. उणे २० असेल तर उत्तम, उणे २७ च्या पलीकडे गेला तर लाइन टिकत नाही.

लाल नसेल आणि पॉनचा, म्हणजे कंपनीशी जोडणी दाखवणारा, दिवा स्थिर हिरवा असेल, तर लॅपटॉप लॅनच्या वायरने राउटरला जोडा. वायरवर नेट धडधाकट आणि मोबाइलवर नाही, तर बिघाड वायफायचा आहे. रात्री दहाला सगळी इमारत घरी असते आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल धरायचे तर १, ६ आणि ११ एवढे तीनच. शक्य असेल ती उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर घ्या, राउटर काँक्रीटच्या भिंतीआडून बाहेर काढा. वायरवरही नेट मंद असेल, तर ती कंपनीच्या बाजूची गर्दी असू शकते. मग रात्री दहाचा आणि दुपारी दोनचा वेग, दोन्ही वायरवर मोजलेले, तारखेसकट लिहून ठेवा.

आठवडाभर हे करून बघा. राउटर बंद करण्याआधी कोणता दिवा कसा होता आणि वायरवर काय मिळालं, एवढं इथेच खाली लिहा. मी वाट बघतो.