गेममध्ये नावीन्य शिरू नये म्हणून घ्यायची काळजी

सर्वप्रथम अभिनंदन! तुम्ही गेम काढायचं ठरवलंत. बाणेरला, खाली जिम आणि वर दातांचा दवाखाना अशा इमारतीत जागा भाड्याने घेतलीत, बीन बॅगा आणल्यात, भिंतीवर भलामोठा कंट्रोलर रंगवून घेतलात. (तस्साच कंट्रोलर समोरच्या स्टुडिओच्या भिंतीवरही आहे. पेंटर एकच होता. सुरुवात उत्तम झाली म्हणायची.) आता जपायचं ते एकाच गोष्टीला. वीस-बावीस तरुण डोकी दिवसभर एसीत बसवली की त्यातल्या एखाद्यातून नवीन कल्पना निघायची भीती असते. वेळीच लक्ष दिलं नाही तर ती पसरते. या धंद्यात मी अकरा वर्षं काढली आहेत, तेव्हा चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे.

घरात डेटॉल ठेवतात तसा एक प्रश्न कायम हाताशी ठेवा: "असं आधी कुणी केलंय का?" इतर धंद्यांत याचं उत्तर "हो" आलं की माणूस हिरमुसतो. आपल्याकडे उलटं. "हो, तिघांनी केलंय" म्हटलं की मीटिंगमध्ये चहा मागवला जातो. "नाही" म्हटलं की सगळे गंभीर होतात. कुणीच केलं नाही म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार! मुलगा चाळिशीपर्यंत बिनलग्नाचा राहिला की नातेवाईक कुजबुजतात, तसंच. पुणेकराला हे खरं तर शिकवायलाच नको. एका चौकात एक अमृततुल्य चाललं की दिवाळीच्या आत त्याच चौकात आणखी तीन उभी राहतात. चहा पिणारी तोंडं तेवढीच असतात, पाट्या तेवढ्या वाढतात.

हा प्रश्न किती गुणकारी आहे ते प्रत्यक्ष पाहिलंय, म्हणून सांगतो. पूर्वी मी होतो त्या स्टुडिओत सदाशिव पेठेतली एक मुलगी डिझायनर म्हणून लागली. दोन आठवडे ती कुणाशी फारसं बोलली नाही. मग एका दुपारी तिने लॅपटॉप आमच्यापुढे सरकवला. पडद्यावर राखाडी चौकोन होते, कलाकुसर काही नव्हती. गेम होता विसर्जनाच्या मिरवणुकीचा. तुम्ही एका मंडळाचे कार्यकर्ते. मानाचे पाच गणपती पुढे गेलेत, लक्ष्मी रस्ता तुंबलाय आणि तुम्हाला अलका चौक गाठायचाय. पुढच्या मंडळात आणि तुमच्यात अंतर पडलं की पोलीस रेटतात. फार चिकटलात तर दोन्ही पथकांचे ठेके एकमेकांत मिसळतात आणि पोरं चुकायला लागतात. मध्येच केबल आडवी येते, ती बांबूने उचलून धरायची. पथक दमतं, त्याला पाणी पाजायचं. जनरेटरचं डिझेल बघायचं. रात्री बाराला स्पीकर बंद, मग नुसत्या माणसांच्या दमावर पुढे सरकायचं. शत्रू कुणी नाही, मरत कुणी नाही. हरणं म्हणजे फक्त खोळंबणं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सहाजण त्या चौकोनांपुढे बसलो ते साडेतीनला उठलो. चहा आणणारा पोरगा मागे उभा राहून बघत होता. तो स्वतः एका पथकात ढोल वाजवायचा. म्हणाला, "ताई, हे चुकलंय. ढोल आपले आपण थांबत नसतात. ताशा थांबवतो." तिने तिथल्या तिथे ते बदललं आणि गेम एकदम जिवंत झाला. कारण आता खेळणाऱ्याचं लक्ष पन्नास ढोलांवर नाही, दोन ताशांवर लागलं.

संध्याकाळी सरांसमोर पिच झालं.

"छान आहे. रेफरन्स काय?"

"लक्ष्मी रोड, सर."

"तसं नाही. प्ले स्टोअरवर यासारखं काय आहे?"

"काहीच नाही."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, उलट मला निघताना त्यांनी खरं ते सांगितलं. म्हणाले, "हिच्या आयडियावर पैसे बुडाले तर इन्व्हेस्टर मला विचारणार, तुला ही दुर्बुद्धी झाली कशी? चालत्या गेमची कॉपी करून बुडाले तर मी म्हणणार, मार्केट वाईट होतं." हे वाक्य फ्रेम करून रिसेप्शनवर लावा. आमच्या धंद्याचं अर्थशास्त्र एवढंच आहे.

कॉपी म्हटल्यावर तुम्हाला अपराधी वाटत असेल तर आपलं घराणं आठवा. १९७२ साली अटारीने ‘पाँग’ आणला आणि व्हिडिओ गेम हा धंदा म्हणून उभा राहिला. त्याच वर्षी, ‘पाँग’च्या आधी, अटारीचे नोलन बुशनेल ‘मॅग्नव्हॉक्स ओडिसी’ या यंत्रावरचा टेबल टेनिस पाहून आले होते. पुढे खटला झाला आणि अटारीने पैसे मोजून परवाना घेतला. म्हणजे आपलं खापरपणजोबांपासूनचं असंच आहे. फक्त एक बारीकशी अडचण आहे, ती पोरांना सांगू नका: ‘पाँग’मध्ये बॅटच्या कुठल्या भागाला चेंडू लागतो त्यावर तो कुठल्या कोनात जाणार ते ठरायचं, आणि रॅली लांबली की चेंडूचा वेग वाढायचा. एवढ्याशा फरकाने लोक बारमध्ये नाणी घेऊन रांगा लावू लागले. उचलेगिरी करताना असला आगाऊपणा टाळावा.

सुरक्षित नमुना हवा असेल तर रंगीत गोळ्या घ्या. १९९४ मध्ये रशियात ‘शारिकी’ नावाचा गेम झाला. शेजारच्या गोळ्यांची अदलाबदल करायची आणि एका रंगाच्या तीन एका ओळीत आणायच्या. २००१ मध्ये त्याच चालीवर ‘बिज्वेल्ड’ आला, त्यात हिरेमाणकं होती. २०१२ मध्ये ‘कँडी क्रश सागा’ आला, त्यात गोळ्या खरोखरच गोळ्या झाल्या. आणि मग ‘कँडी क्रश’वाल्या कंपनीने ‘कँडी’ हा शब्दच ट्रेडमार्क म्हणून मागितला! २०१४ मध्ये आरडाओरडा झाल्यावर अमेरिकेतला अर्ज त्यांनी मागे घेतला. याला म्हणतात आत्मविश्वास. शेजाऱ्याच्या झाडाची कैरी तोडायची आणि लोणच्याच्या बरणीवर ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी चिठ्ठी चिकटवायची.

कायद्याची भीती बाळगू नका. चित्रं, संगीत, कोड उचललंत तर अडकाल. पण खेळाचा नियम, नुसती कल्पना, यांवर कॉपीराइट मिळत नाही. ‘थ्रीज’ बनवणाऱ्यांनी १४ महिने खपून आकडे सरकवून जोडायचा गेम केला. तो फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. पुढच्याच महिन्यात एका १९ वर्षांच्या इटालियन मुलाने शनिवार-रविवारात त्याच चालीचा ‘२०४८’ बनवून फुकट सोडला. आज लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या हॉलमध्ये तुम्हाला ‘२०४८’ खेळणारे दिसतील. ‘थ्रीज’ कुणाला विचारून बघा. इटालियन मुलाने निदान तो मजेखातर केला होता. तुम्ही जाहिराती टाकून करा.

आमच्या पिढीला तर हे बाळकडूच मिळालंय. तपकीर गल्लीतून बाबांनी आणलेला, जपानी यंत्राच्या नकलेचा तो पांढरा-लाल डबा, आणि त्याची पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलेलं: ९९९९९९९ इन १. मी आणि माझा भाऊ एका मे महिन्यात सगळे गेम संपवायचे म्हणून वहीत नोंद ठेवून बसलो. एक नंबरला काँट्रा. मग मारिओ, रणगाडे, बदकं मारायचा तो. सातव्या नंबरला पुन्हा काँट्रा, पण तिसऱ्या लेव्हलपासून. बाराव्याला मारिओ, पण उंच उडीवाला. चौथ्या पानावर भावाने वही मिटली. आम्हाला तेव्हा फसल्यासारखं वाटलं होतं. आज प्ले स्टोअर उघडलं की कळतं, तो कॅसेटवाला काळाच्या पुढे होता.

मोठं बजेट हाताशी असेल तर ओपन वर्ल्ड करा, म्हणजे मोठ्या नकाशात खेळणाऱ्याने हवं तिकडे भटकायचा गेम. त्यात एक मनोरा पाहिजेच. मनोऱ्यावर चढलं की नकाशा उघडतो, नकाशावर दीडशे खुणा दिसतात आणि खेळणारा सोमवारच्या कामाच्या यादीकडे बघावं तसा त्यांच्याकडे बघतो. २००७ च्या ‘असॅसिन्स क्रीड’पासून हे चाललंय, त्यामुळे मनोरा का, हे विचारणारं आता कुणी उरलेलं नाही. नकाशाही नवा नको. ‘फार क्राय ४’ हिमालयातल्या एका काल्पनिक देशात घडतो, ‘फार क्राय प्रायमल’ ख्रिस्तपूर्व १०,००० सालच्या मध्य युरोपात. खेळणाऱ्यांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तर नद्या आणि रस्ते बरेचसे त्याच वळणांनी जात होते. पृथ्वी गोल आहे, कुठून तरी जुळायचंच.

आणि एवढेही कष्ट नको असतील तर निन्टेन्डो स्विच या यंत्रावरच्या ‘फिफा’ या फुटबॉलच्या गेमचा कित्ता गिरवा. २०१९ पासून काही वर्षं ‘लेगसी एडिशन’ या भारदस्त नावाने आदल्याच वर्षीचा गेम विकला गेला. बदलले ते जर्सी आणि खेळाडूंची नावं. एका नावाजलेल्या वेबसाइटने मग फिफा २१ साठी आदल्या वर्षीचंच परीक्षण पुन्हा छापलं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात इमानदार तेवढा तो परीक्षकच.

पुण्याला यात मान नाही असं समजू नका. २००३ च्या गाजलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक २०२० मध्ये जाहीर झाला, तेव्हा ते काम युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. म्हणजे जगाने आपल्याकडे पाहिलं, आपल्या पोरांचा हात चांगला आहे हे ओळखलं, आणि सोळा-सतरा वर्षांपूर्वीचा पेपर पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहायला दिला. ट्रेलरवर लोकांनी तोंडसुख घेतलं. मे २०२२ मध्ये तोही पेपर काढून कंपनीच्या माँट्रियलच्या स्टुडिओला दिला. तशी आपल्याला सवय आहे. १८७० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी याच गावात शटलकॉकच्या खेळाचे नियम बसवले, खेळाला ‘पूना’ म्हणायला लागले आणि शेवटी नाव लागलं इंग्लंडमधल्या एका सरदाराच्या वाड्याचं, बॅडमिंटन.

उलट काही लोक ऐकतच नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या प्रत्येक काकाला स्वदेशी पबजी हवा होता. सरळ नकाशा उचलायचा, बंदुकांना मराठी नावं द्यायची, विषय संपला! पण पुण्याच्याच एका स्टुडिओने ‘इंडस’ काढताना त्यात कॉझ्मियम नावाची चीज घातली. शेवटपर्यंत जिवंत उरूनच जिंकायचं असं नाही, ती हस्तगत करूनही जिंकता येतं. बॅटल रॉयालच्या मूळ नियमालाच हात! असल्या संगतीपासून आपली टीम लांब ठेवा.

आता एक अप्रिय गोष्ट. कधीकधी सगळं नीट उचलूनही गेम आपटतो. सोनीचा ‘काँकॉर्ड’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला. ‘ओव्हरवॉच’च्या चालीचा हीरो शूटर (म्हणजे आपापली खास ताकद असलेल्या हीरोंपैकी एक निवडून गोळीबार करायचा), आठ वर्षं जुनी वाट, सगळं रीतसर. दोन आठवड्यांत बंद करून लोकांचे पैसे परत करावे लागले. त्याच वर्षी कॅनडातल्या एका माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला, पत्त्यांचा ‘बलाट्रो’ महिन्याभरात दहा लाखांवर खपला. यातून चुकीचा अर्थ काढू नका. बरोबर अर्थ आमच्या सरांनी दुसऱ्याच दिवशी काढला: "पत्त्यांचं काहीतरी करू या."

त्या मुलीच्या गेमचं काय झालं ते राहिलंच. तो फुकट गेला नाही, आपल्याकडे काहीच फुकट जात नाही. मिरवणुकीतून रस्ता काढला, पोलीस काढले, केबल आणि बांबू काढला, आणि गणपतीची थीम आहेच तर म्हणून तीन मोदक जुळवायचा गेम झाला. उकडीचे, तळणीचे, माव्याचे, आणि पैसे भरले तर सोन्याचा मोदक. तिने नेटाने साठ लेव्हल बसवल्या. तिच्या मूळ गेममधून फक्त ताशाचा आवाज वाचला, कारण तो रेकॉर्ड करायला पैसे गेले होते. चार मोदक जुळले की तो वाजतो.

गेम निघाला त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. चहावाल्या पोराने मोबाइलवर पाच-सहा लेव्हल खेळून बघितल्या आणि तिच्या टेबलापाशी आला.

"ताई, मोदक जुळल्यावर ताशा कशाला वाजतो?"

"रेफरन्स आहे," ती म्हणाली आणि एकसष्टावी लेव्हल उघडली.