बाबासाहेब आमदार होते, आणि कसे आमदार होते!

एप्रिल आला की एक मजकूर मोबाईलवरून फिरू लागतो. डॉ. आंबेडकर विद्वान खरे, पण मुळात प्राध्यापक. विधिमंडळाच्या रोजच्या कामाशी त्यांचा संबंध नव्हता. मुंबईच्या कायदेकौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात, होते तेही गव्हर्नरने नेमलेले, म्हणजे सरकारचे. आणि निवडणूक त्यांना कधी जिंकता आली नाही. चांगली शिकलेली माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

निवडणुकीचा मुद्दा लगेच निकालात काढू. 1952 ला मुंबईत आणि 1954 ला भंडाऱ्यात ते हरले, हे खरं. पण फेब्रुवारी 1937 मध्ये मुंबई विधानसभेवर ते भायखळा-परळमधून निवडून आले होते. समोर काँग्रेसचे उमेदवार होते विख्यात क्रिकेटपटू बाळू पालवणकर, आणि मतांचा फरक सुमारे दोन हजारांचा. त्यांनी आदल्या वर्षीच स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने 17 उमेदवार उभे केले होते. त्यांतले बहुतेक जिंकले.

आता ‘सरकारचे’ असण्याबद्दल. 1927 च्या फेब्रुवारीत मुंबई कायदेकौन्सिलात अर्थसंकल्पावर ते बोलले, तेव्हा त्यांनी थेट जमीन महसुलावर बोट ठेवलं. ठरावीक उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर माफ, पण शेतकऱ्याचं पीक बुडालं तरी शेतसारा चुकत नाही, हा कुठला न्याय? मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर त्यांनी हिशेबच मांडला : सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करतं आणि अबकारीतून, म्हणजे दारूवरच्या करातून, माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. सरकारच्या मर्जीतला माणूस सरकारच्या तिजोरीवर असा बोलत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते ‘मुळात प्राध्यापक’ हे हिणवणं. कोलंबियातला त्यांचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच होता. ज्या विषयात डॉक्टरेट मिळवली, त्याच विषयावर ते सभागृहात बोलत होते. ऑक्टोबर 1927 मध्ये जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून सरकारने विधेयक आणलं. त्याला त्यांनी विरोध केला. दुखणं तुकड्याच्या आकारात नाही, ते भांडवलाच्या टंचाईत आणि शेतीवर माणसांचा भार फार असण्यात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सिडनहॅम कॉलेजात रुजू झाले त्याच 1918 सालच्या निबंधात त्यांनी हेच मांडलं होतं. पुढे 1935 ते 1938 ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, म्हणजे शेवटचं वर्षभर प्राचार्यपद आणि विधानसभेची आमदारकी दोन्ही सांभाळत होते. वर्गातली शिस्त सभागृहात आली, यात उणेपणा कसला?

आपल्या बाजूच्या मजकुरातही एक दुरुस्ती हवी. बाळंतपणाच्या रजेचा कायदा बाबासाहेबांनी आणला, असं सर्रास लिहिलं जातं. 1928 चं ते विधेयक त्यांनी मांडलेलं नव्हतं. जुलैमध्ये त्यांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला : हा बोजा मुख्यत्वे सरकारने उचलावा, पण जो मालक त्या बाईच्या श्रमातून नफा कमावतो त्यालाही हात झटकता येणार नाहीत. एवढं खरं सांगितलं तरी त्यांचं मोठेपण पुरतं.

त्यांनी स्वतः मांडलेली विधेयकं वेगळी. मार्च 1928 मध्ये वतन (गावच्या पिढीजात कामाचा हक्क आणि त्यापोटी मिळालेली जमीन) कायद्याच्या दुरुस्तीचं, जेणेकरून महार वतनदारांची वेठीतून सुटका व्हावी. सप्टेंबर 1937 मध्ये खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, रद्द करण्याचं. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या कुळांना खोत म्हणजे काय हे सांगावं लागत नसे. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने कौन्सिल हॉलवर आले ते त्यामुळेच. त्याच वर्षी औद्योगिक तंटा विधेयकाने संपावर बंधनं आणली, तेव्हा संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असं त्यांनी सभागृहात बजावलं. 7 नोव्हेंबरला ते कामगारांसोबत या विधेयकाविरुद्धच्या संपात उतरले.

विधेयक मंजूर झालं, तंटा कायदा आला, हे मान्य. वतनाचं विधेयकही त्यांना 1929 मध्ये मागे घ्यावं लागलं. ‘मग साधलं काय?’ असा प्रश्न त्या मजकुराखाली येतोच. मुंबई राज्यात खोती रद्द करणारा कायदा 1949 मध्ये झाला, आणि कनिष्ठ गावकी वतनं रद्द करणारा 1958 मध्ये. दोन्ही मागण्या सभागृहात विधेयकाच्या रूपाने कोणी ठेवल्या होत्या, ते कौन्सिलच्या आणि विधानसभेच्या कामकाजात तारखांसकट छापलेलं आहे.