बिअरमधला भोपळा

आधीच सांगते, मी बिअरची जाणकार वगैरे नाही. बॉस्टनच्या बाहेर राहून बरीच वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक भोपळ्याच्या बिअरला नाकं मुरडण्यात गेली. या ऑक्टोबरात मत बदललं. मत बदललं की ते इथे लिहावं लागतं, नाहीतर जुन्या पोस्टी काढून दाखवणारी मंडळी आहेतच.

पहिली ओळख वाईट झाली होती. ऑफिसातल्या लोकांनी पानगळीच्या दिवसांत एका बारमध्ये नेलं. इकडे न्यू इंग्लंडात एक पद्धत आहे, ग्लासाचा काठ ओला करून त्यावर दालचिनी घातलेली साखर चिकटवतात आणि मग आत भोपळ्याची बिअर ओततात. पहिला घोट साखरेचा, दुसरा दालचिनीचा, तिसऱ्याला लवंगेनं जीभ बधिर. दाढ दुखत असती तर आराम पडला असता. भोपळा? तो कॅनवरच्या चित्रात होता.

तेव्हापासून माझं पालुपद ठरलेलं: 'हिच्यात भोपळ्याची चवच लागत नाही.' शंभरातले नव्वद टीकाकार हेच म्हणतात. परवा घारगे करताना मात्र माझाच भ्रमाचा भोपळा फुटला. किसलेला भोपळा गुळात शिजवत होते आणि गूळ घालायच्या आधी चिमूटभर कीस तोंडात टाकला. काय लागलं? गोडसर पाणी. घारग्याला जी चव म्हणतो ती गुळाची, जायफळाची आणि तळणीची. भोपळा रंग देतो, ओलावा देतो, मऊपणा देतो आणि गप्प बसतो. पण घारगा खाऊन 'यात भोपळा लागत नाही हो' असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग बिअरकडूनच ही अपेक्षा का? भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. जी थोडी साखर आणि पिठूळपणा असतो, त्याची माल्टबरोबर (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याबरोबर) गरम पाण्यात साखर होते आणि ती यीस्ट खाऊन टाकतं. वर त्या गराचा असा चिखल होतो की रस गाळला जात नाही, म्हणून त्यात भाताचं तूस मिसळतात. एवढा उपद्व्याप करून हाती काय, तर थोडा रंग आणि किंचित गोल चव.

इथल्या वसाहतीच्या काळात तर हा चवीचा प्रश्नच नव्हता. माल्ट दुर्मीळ आणि महाग, भोपळे मात्र परसात लोळत पडलेले. अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कागदपत्रांत 1771 सालची एक कृती आहे: भोपळे कुटा, सफरचंदासारखा रस पिळा, तो बराच वेळ उकळा, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घाला, आंबवा. जायफळ नाही, दालचिनी नाही. अडल्यानडल्याची दारू. माल्ट मुबलक झाल्यावर लोक ती विसरूनही गेले.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्डमध्ये बिल ओवेन्स नावाच्या माणसाची बफलो बिल्स नावाची छोटी ब्रुअरी होती. (हा मूळचा छायाचित्रकार, अमेरिकन उपनगरांच्या फोटोंसाठी नावाजलेला.) जॉर्ज वॉशिंग्टनच्या काळात बिअरला भोपळा वापरत, असं त्याच्या वाचनात आलं. त्यानं भोपळा भाजला, माल्टमध्ये घातला, बिअर केली, चाखली. भोपळ्याचा पत्ता नाही! मग गडी किराणा दुकानात गेला, 'पम्पकिन पाय'चा, म्हणजे इथल्या भोपळ्याच्या गोड पक्वान्नाचा, तयार मसाला आणला, कॉफीच्या भांड्यात त्याचा अर्क काढला आणि दिला ओतून. म्हणजे आजच्या भोपळ्याच्या बिअरचा जन्मच माझ्या त्या पालुपदातून झालाय. अमेरिकन माणसाला भोपळा म्हणजे हा 'पाय', आणि 'पाय' म्हणजे जायफळ, दालचिनी, सुंठ, लवंग. आपल्याला नाही का, नुसत्या वेलची-जायफळाच्या वासानं पुरण आठवत?

तर माझं म्हणणं एवढंच, की तिच्यात भोपळा शोधू नका, मसाल्याचा हात शोधा. हात जड असेल तर बिअरचा औषधी काढा होतो. हलका असेल तर मजा आहे. या वर्षी मला पटली ती डेलावेअरच्या डॉगफिश हेड ब्रुअरीची 'पंकिन'. सात टक्के अल्कोहोलची, तपकिरी. आधी भाजक्या माल्टची खरपूस चव येते, मग काळपट साखर, आणि घोट गिळून झाल्यावर मागून जायफळ. ही बिअर म्हणे त्यांची ब्रुअरी सुरू व्हायच्या आधीची. 1994 साली यंत्रांनी भोपळे लांब फेकायच्या एका जत्रेत पाककृतीचं बक्षीस मिळवून आलेली. फ्रिजमधून काढल्यावर पंधरा मिनिटं तशीच ठेवा, गार असताना मसाला मुका असतो. आणि काठाला साखर नको, प्लीज.

आईला फोनवर सांगितलं. चिपळूणहून पहिला प्रश्न: 'फोडणीला मेथ्या घालतात का?' नाही म्हटलं तर म्हणाली, 'मग भोपळा कशाला वाया घालवायचा?' सगळी प्रक्रिया समजावून सांगितल्यावर थोडं थांबून: 'म्हणजे घारगेच की गं, पातळ केलेले.' मी इतके परिच्छेद खर्च केले, तिनं चार शब्दांत आटोपलं.

एक राग मात्र कायम आहे. ही बिअर ऑगस्टमध्येच दुकानात येते. बाहेर अंगाची लाही होतेय आणि कॅनवर केशरी पानं! आषाढातच आकाशकंदील टांगल्यासारखं. शेतातला भोपळा तेव्हा तयारही नसतो, त्यामुळे ऑगस्टच्या बिअरला बहुधा गेल्या वर्षीचा डबाबंद गर वापरावा लागतो. तो गर प्रामुख्याने इलिनॉयमधल्या मॉर्टनच्या आसपासचा, डिकिन्सन जातीच्या फिकट, लांबोळक्या भोपळ्याचा. हा डिकिन्सन आपल्या लाल भोपळ्याच्याच कुळातला, दोघेही कुकुर्बिटा मोस्काटा. दारात कोरून ठेवतात तो केशरी गोळा वेगळ्या जातीचा. इतकी वर्षं मी घारग्यांसाठी बिचाऱ्या त्या गोळ्यालाच किसत होते!

आणि ऑक्टोबर संपतो न संपतो तोच ही बिअर गायब होते, तिच्या जागी नाताळची. म्हणून या वेळी दोन सिक्स-पॅक आधीच दडवून ठेवलेत. दिवाळीच्या शनिवारी आमच्याकडे जमायचं आहेच. माझा अनुभव असा, की हिच्याबरोबर चकली झकास जाते, तिखटानं गोडपणा कापला जातो. शंकरपाळे अजिबात नकोत. बिअर माझ्याकडे आहे, चकल्या तुम्ही आणा. माझ्या दरवर्षी तेलात विरघळतात.