बदकाच्या पोटातलं दुकान आणि एक फिरती पोस्ट

बदक, हत्ती, किटली अशा आकारांच्या अमेरिकेतल्या इमारतींचे फोटो सध्या सगळीकडे फिरताहेत. खाली निकाल दिलाय: मोटारी आल्यावर कंपन्यांनी जाहिरातीसाठी केलेला हा आचरटपणा, यात ना वास्तुकला, ना वारसा, आपल्याकडे असलं काही नाही, हेच बरं.

आधी मोटारींचं बघू. फोटोतली हत्तीण म्हणजे न्यू जर्सीतल्या मार्गेटची लूसी. ती उभी राहिली 1881 साली, तेव्हा रस्त्यावर घोडागाड्या होत्या. जेम्स लॅफर्टी या गृहस्थाला अटलांटिक सिटीजवळची समुद्रकाठची जमीन विकायची होती. 65 फूट उंच लाकडी सांगाडा, वरून पत्रा. गिऱ्हाइकाला मागच्या पायातल्या जिन्याने वर चढवायचं आणि पाठीवरच्या अंबारीतून प्लॉट दाखवायचे! प्राण्याच्या आकाराच्या इमारतीचं पेटंटही त्याने 1882 मध्ये पदरात पाडून घेतलं. हेतू धंद्याचाच होता, पण खापर मोटारीवर कशाला?

आता ‘कंपन्यांनी’. लाँग आयलंडवरचं बदक मार्टिन मॉरर या बदकं पाळणाऱ्या माणसाचं. 1931, ऐन मंदीचा काळ. वीसेक फूट उंचीचं सिमेंटचं बदक, पोटात दुकान, दुकानात बदकं आणि अंडी. डोळ्यांच्या जागी फोर्ड मॉडेल टी गाडीचे मागचे दिवे. वॉशिंग्टन राज्यातल्या झिला गावची किटली हा 1922 चा पेट्रोल पंप. वायोमिंगमधल्या टीपॉट डोम (टीपॉट म्हणजे किटलीच) या सरकारी तेलसाठ्याचं लाचखाऊ कंत्राट तेव्हा गाजत होतं, त्यावरचा हा टोमणा. पुढे त्या प्रकरणात माजी मंत्री अल्बर्ट फॉल तुरुंगातही गेले. हां, ओहायोतली 1997 ची टोपलीच्या आकाराची सात मजली इमारत मात्र खरंच टोपल्या विकणाऱ्या कंपनीचं मुख्यालय होती. तेवढ्यापुरती पोस्ट बरोबर.

आपल्याकडे नाही म्हणणाऱ्याने मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट पाहिलेला दिसत नाही. हैदराबादेत तर राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाचं कार्यालयच माशाच्या आकाराचं आहे.

वास्तुकलेचं म्हणाल, तर रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनॉर या वास्तुकारांनी 1972 साली याच बदकावरून इमारतींचा एक प्रकार ठरवला: जिचा आकारच तिची पाटी, ती ‘बदक’. साध्या खोक्यावर सजावट किंवा पाटी चढवली की दुसरा प्रकार. त्यांचा स्वतःचा कल या दुसऱ्याकडे होता, हे खरं. पण त्यांचा टोला लाँग आयलंडच्या दुकानाला नव्हता. आपण नुसतं उपयोगाचं बांधतो असं सांगत अख्ख्या इमारतीचंच शिल्प करणाऱ्या बड्या आधुनिक वास्तुकारांना होता.

राहिला वारसा. लॉस एंजेलिसच्या टोपीच्या आकाराच्या हॉटेलासारखं बरंच काही गेलं. पण 1970 मध्ये लूसीची जागा बिल्डरकडे निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी पैसे जमवून तिला अख्खी उचलून हलवली. 1976 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली आणि 1997 मध्ये बदकही ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेलं.