चाळणी कोणाच्या हातात होती? (बोर्टकिएविचवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

संगीतकार-पियानिस्ट सेर्गेई बोर्टकिएविचवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "ताई, आधी राखमानिनोव्ह नीट ऐका. हे सगळं त्याचंच उरलंसुरलं. काळाच्या चाळणीतून जे खाली पडलं, ते पडायच्याच लायकीचं होतं." पुढे रेकॉर्डिंग्जबद्दल आणि माझ्या शुद्धलेखनाबद्दलही बरंच आहे. ते राहू द्या.

मतभेदाचं मला काही नाही. पण 'ताई' म्हणायचं आणि लगेच गृहपाठ द्यायचा, ही कुठली रीत? मी शाळेत असल्यापासून पियानो वाजवतेय. वांद्र्याच्या आमच्या गोवेकर टीचर चुकलेल्या बोटावर पेन्सिल मारायच्या. रशियन संगीतकार राखमानिनोव्हचं सी शार्प मायनर प्रेल्यूड (छोटी पियानो-रचना) मी तेव्हाच बसवलंय, शेजारी दार वाजवेपर्यंत. तेव्हा 'आधी ऐका' हे निदान मला तरी सांगू नका.

एवढं मान्य करते की बोर्टकिएविचचा पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीचा पहिला कॉन्चेर्तो (ओपस, म्हणजे रचना-क्रमांक, १६) पसरट आहे आणि चायकोव्हस्कीची सावली त्यावर दाट आहे. झालं समाधान?

आता ती चाळणी. हा माणूस १८७७ साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या खारकिवला जन्मला. बर्लिनमध्ये बस्तान बसलं, तर १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि रशियाचा नागरिक म्हणून जर्मनीतून त्याची हकालपट्टी झाली. क्रांतीनंतरच्या यादवीत खारकिवही सुटलं. १९२० साली कॉन्स्टँटिनोपल, तिथून ऑस्ट्रिया. दुसऱ्या महायुद्धात जर्मन प्रकाशकांकडचे त्याच्या छापील रचनांचे गठ्ठे बॉम्बहल्ल्यांत जळाले. १९५२ साली तो व्हिएन्नात वारला. यात कोणत्या रसिकानं काय ऐकून काय नाकारलं, ते सांगा ना. कागदच जळाला तर पियानिस्टनं वाजवायचं काय? बॉम्ब टाकणाऱ्यांना आपण संगीत समीक्षक ठरवताय, हे लक्षात आलंय का?

राखमानिनोव्हच्याच काळातल्या रशियन संगीतकार मेट्नरचं घ्या. उतारवयात लंडनमध्ये त्याची रेकॉर्डिंग्ज झाली ती म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी पैसे उभे केले म्हणून. तिसरा कॉन्चेर्तो त्यानं त्यांनाच अर्पण केला. महाराजांना पियानोचं वेड नसतं तर आज आपण मेट्नरलाही 'लायकी' विचारली असती.

आणि 'उरलंसुरलं' म्हणाल तर रशियन संगीतकार लियापुनोव्ह अक्षरशः तेच वाजवतो! लिस्टच्या बारा ट्रान्सेंडेंटल एत्यूद्सनी (अतिकठीण सराव-रचनांनी) चोवीसपैकी निम्मीच स्केल्स घेतली. राहिलेली बारा लियापुनोव्हनं ओपस ११ मध्ये पुरी केली, शेवटचा एत्यूद लिस्टच्या स्मृतीला वाहून. त्यातला दहावा, 'लेझगिंका', एकदा वाजवायला बसा. बोटं सांगतील नक्कल आहे की काय ते.

बोर्टकिएविचचा दुसरा सोनाटा ऐकलाय का आपण? ओपस ६०, तोही त्या प्रेल्यूडसारखा सी शार्प मायनरमध्येच, १९४२ चा. आपल्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत त्याच्या एकाही रचनेचं नाव नाही, म्हणून विचारते.