घासू नका, पाठवू नका: ‘आजोबांच्या लाखमोलाच्या पदकां’वर एक उत्तर

दिवाळीच्या आवराआवरीपासून नाशिकच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. मला तो आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या. शेवटी मेहुण्यानेही ‘दाजी, तुमच्या कामाचं आहे’ म्हणून पाठवला. मी पंचवीस वर्षं जुनी पदकं, बिल्ले, टोप्या आणि थोड्याफार तलवारी गोळा करतोय, त्यामुळे सगळ्यांनाच ते माझ्या कामाचं वाटलं.

मजकूर थोडक्यात असा. देवळालीला इंग्रजांची छावणी होती, म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या घरांत लष्करी वस्तू हमखास निघतात. पदकं शुद्ध चांदीची असतात आणि परदेशात लाखोंना जातात. ती लख्ख घासून फोटो पाठवा. राजमुकुट असलेला बिल्ला शंभर वर्षांपूर्वीचाच. शंभर वर्षांवरच्या तलवारीला परवाना लागत नाही, ती बिनधास्त विका, परदेशी पाठवा. सरकारनेच नाही का एका तलवारीला ४७ लाख मोजले? खाली मोबाइल नंबर, आणि ‘नोंदणी शुल्क फक्त ९९९’.

देवळालीचं खरं आहे, पण त्यातून काढलेला अर्थ खरा नाही. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई इथे महिनोन्‌महिने पडून असत, आणि त्या कंटाळ्यात डोकं फिरलेल्याला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणायची पद्धत पडली ती आपल्या देवळालीवरूनच. मात्र ते शिपाई जाताना छातीवरची पदकं इथे ठेवून गेले नाहीत. सिन्नर-निफाडच्या घरांत जे निघतं ते आपल्याच माणसांचं असतं: मराठा पलटणीतला शिपाई, तोफखान्यात खेचरं हाकणारा ड्रायव्हर, लेबर कोअरचा मजूर, भिस्ती. हे आधी सांगतोय, कारण पुढची सगळी किंमत ‘कोणाचं’ यावरच ठरते.

आता चांदी. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं, हे बरोबर. त्यात साधारण एक औंस, म्हणजे तीन तोळ्यांच्या आसपास चांदी. पण अशी सुमारे ६५ लाख पदकं वाटली गेली, त्यामुळे नुसतं ‘चांदीचं’ असण्याला बाजारात फारसं कोणी विचारत नाही. त्याच्या जोडीचं व्हिक्टरी मेडल, इंद्रधनुष्यी रिबिनीचं, कांस्याचं. १९१४-१५ चा स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक, तोही कांस्याचा. दुसऱ्या महायुद्धाचं वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं. १९६५ आणि १९७१ च्या लढायांची समर सेवा, पूर्वी, पश्चिमी, संग्राम ही पदकंसुद्धा चांदीची नाहीत. सराफ बाजारात ही घेऊन गेलात तर सराफ कसोटीलाही लावणार नाही.

आणि गंमत पुढे आहे. तेच ब्रिटिश वॉर मेडल सुमारे एक लाख दहा हजार जणांना कांस्यात दिलं गेलं: चिनी, माल्टीज आणि भारतीय लेबर कोअरच्या माणसांना. लढणाऱ्याला चांदी, ओझं वाहणाऱ्याला कांस्य, असा तो हिशोब होता. आज संग्राहक त्या कांस्याच्या पदकाला चांदीच्यापेक्षा जास्त पैसे मोजतात, कारण ते कमी आहे. म्हणजे ‘शुद्ध चांदी’च्या नादाने जो माणूस काळं-तपकिरी पदक मोडीत टाकेल, तो नेमकं महागडं पदक टाकेल. असं पूर्वी झालेलंही आहे. जानेवारी १९८० मध्ये जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा इंग्लंडात ढिगांनी वॉर मेडल वितळवली गेली, त्यांवरच्या नावांसकट.

नाव कुठे असतं? कडेवर. पदक आडवं धरून उजेडात फिरवा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं दिसेल. (स्टारवर ते मागच्या बाजूला असतं.) तिथे ११७ किंवा १०५ मराठा दिसलं तर माणूस कुठल्या आघाडीवर गेला असेल याचा माग काढता येतो. ११७वी मराठा पलटण मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुतच्या वेढ्यात सापडली होती आणि युद्धानंतर तिला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. १११ महार दिसलं तर मला फोन करा, मी गाडी काढून येतो. ती पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि काही वर्षांतच मोडली, तिची पदकं फार थोडी. एकट्या नंबरावर भरवसा ठेवू नका, तेव्हा नंबर पलटणीपुरता असायचा. एकच नंबर चार पलटणींत चार जणांचा निघतो.

म्हणूनच ‘लख्ख घासून फोटो पाठवा’ हे या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य आहे. बाकीच्या थापांनी फार तर खिसा हलका होईल, याने वस्तूच जाते. आपल्याकडे पितळ-तांबं दिसलं की हात आपोआप चिंच-मिठाकडे जातो, देवाची भांडी तशीच घासायची सवय. पदकाच्या कडेवरची अक्षरं उथळ असतात. दहा दसरे घासलं की आधी नंबर जातो, मग आडनाव. चांदीवर चढलेला काळपट थर हा मळ नव्हे, तो तसाच राहू द्यायचा असतो. सिन्नरकडच्या एका घरात मी असं पदक पाहिलंय: राजाचं नाक सपाट, कडेवर फक्त शेवटची दोन अक्षरं. नातवाने मोठ्या प्रेमाने ‘नवं’ केलं होतं. मला बोलवेना.

पदकावरचे ठोके आणि खड्डेही पुसायचे नसतात. चार पदकं एका पट्टीवर छातीवर लावली की चालताना एकमेकांवर आपटतात, आणि स्टारची टोकं शेजारच्या चांदीच्या पदकावर बारीक खड्डे पाडतात. त्या खड्ड्यांवरून कळतं की ही पदकं खरंच एकत्र, एकाच माणसाच्या छातीवर होती. कोणी चार दुकानांतून गोळा करून जोडलेली नाहीत. रिबीन मळकी असली तरी बदलू नका. शंका आली तर दुकानदार नोटा तपासायला ठेवतात त्या निळ्या दिव्याखाली धरा. अलीकडचा कृत्रिम धागा बहुतेक वेळा लखलखतो, जुनं रेशीम सहसा नाही. नाशिकरोडला नोटा छापतात, तेव्हा असा दिवा मिळायला अडचण पडू नये.

नकली ओळखायची आणखी एक रीत नाशिककरांना तर आयतीच आहे. या काळातलं गोल युद्धपदक साधारणपणे ३६ मिलिमीटर व्यासाचं असतं. अस्सल पदक डायमध्ये, म्हणजे पोलादी ठशात, ठोकलेलं. नकली बहुधा अस्सलावरून साचा घेऊन ओतलेलं, आणि ओतीव धातू थंड होताना आकसतो. हे अंबड एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला सांगायला नको. व्हर्निअर लावा, अर्धा मिलिमीटर कमी भरलं की संशय घ्या. कडेची जाडी एका बाजूला कमी लागली तर जुनं नाव घासून नवं ठोकलंय का ते बघा.

बिल्ल्यांचं. मुकुट आहे म्हणजे शंभर वर्षं, हे गणित कोणी काढलं कोण जाणे. राजाचा म्हणून ओळखला जाणारा मुकुट १९०१ नंतरचा, आणि आपल्या सैन्याच्या बिल्ल्यांवरचा मुकुट २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक होईपर्यंत होता. मग त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे मुकुटवाला बिल्ला १९४९ चाही असू शकतो. देवळाली ही तोफखान्याची जागा, म्हणून तोफखान्याचंच उदाहरण घ्या. भारतीय तोफखान्याला ‘रॉयल’ हा शब्द मिळाला १९४५ मध्ये आणि गेला १९५० मध्ये. ‘रॉयल इंडियन आर्टिलरी’ लिहिलेला बिल्ला जेमतेम पाच वर्षांतला. शंभरीला अजून अवकाश आहे, तरी तो कित्येक जुन्या बिल्ल्यांपेक्षा दुर्मीळ. नुसत्या वयावरून काही ठरत नाही. बिल्ल्याची पाठ बघा: ठोकलेल्या बिल्ल्याची पाठ पुढच्या नक्षीची उलटी छाप दाखवते, ओतलेल्याची भरीव आणि खरबरीत असते.

टोप्यांबद्दल मजकुरात ‘सोलर हॅट’ची एकच ओळ आहे, मीही फार लिहीत नाही. सोला हॅट, म्हणजे साहेब लोकांची उन्हाची टोपी, ही ‘सोलर’ नव्हे. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडाची ती असते, आणि नाशिकच्या पावसाळ्यात कपाटावर ठेवली तर बुरशीने जाते. कोरड्या जागी, आत मऊ कापड भरून ठेवा. उन्हात वाळवू नका.

तलवार. इथे मी स्वतः फसलोय, तेव्हा शहाणपणा सांगायचा अधिकार थोडा महागात विकत घेतलेला आहे. संग्रह नवा असताना दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून मी १८९७ च्या नमुन्याची इंग्रज पायदळ अधिकाऱ्याची तलवार घेतली, महिन्याचा अख्खा पगार घालून. पात्यावर पाचव्या जॉर्जची राजाक्षरं, म्हणजे राजाच्या नावाची आद्याक्षरं, मुठीजवळ पातं तपासल्याची पितळी टिकली, सगळं होतं. अंबडच्या एका फिटर मित्राने मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘भाऊ, ही साच्याची शिवण आहे.’ म्हणजे मूठ ओतीव, नकली. टिकली चिकटवलेली निघाली. राजाक्षरं इतकी उथळ की नखालाही लागत नव्हती. ती अजून माझ्या भिंतीवर आहे, मुद्दाम.

पण मजकुरातला दावा कायद्याचा आहे, आणि तो उलटा लावलेला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये पुरातन मूल्याच्या, कालबाह्य किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी. मात्र तिथे अट आहे ती बंदूक म्हणून वापरता न येण्याची. ‘शंभर वर्षं’ हा आकडा त्या कलमात नाहीच. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तलवार, कट्यार, संगीन यांचा वेगळा वर्ग आहे. शेतीची आणि घरकामाची हत्यारं त्यातून वगळलेली. अशा हत्यारांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, आणि ठरावीक भागांत ती नुसती बाळगायलाही परवाना सक्तीचा करायचा अधिकार केंद्र सरकारला आहे. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७. सणासुदीला, निवडणुकीला त्याखाली मनाईहुकूम निघतो तेव्हा तलवार घेऊन रस्त्यावर उतरणं हाच गुन्हा, मग ती पेशवाईतली असो की परवाची. तलवारीने केक कापून रील टाकणाऱ्यांना विचारा. वडिलोपार्जित तलवार घरात असेल तर तिचा फोटो, मोजमाप आणि ती घरात कशी आली याचा कागद करून ठेवा, आणि पोलीस ठाण्यात लेखी विचारून पोच घ्या.

मग शंभर हा आकडा आला कुठून? तो आहे १९७२ च्या पुरावशेष कायद्यातला. त्यात शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू म्हणजे पुरावशेष. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. बेकायदा निर्यातीला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. म्हणजे शंभरी भरली की मोकळीक मिळत नाही, बंधन सुरू होतं. पहिल्या महायुद्धाची पदकंही आता शंभरीपार गेली आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घेतल्याशिवाय कुरियरवाल्याच्या हातात काहीही देऊ नका.

राहिले ४७ लाख. आकडा खरा आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजारांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपी, म्हणजे फिरंग. अशी पाती मराठ्यांनी पुष्कळ वापरली. किंमत आली ती पात्यावर देवनागरीत रघुजींचं नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आहे म्हणून. तुमच्या भिंतीवरच्या निनावी तलवारीला तो भाव लावणं म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक भोसल्याला नागपूरची गादी देणं.

‘नोंदणी शुल्क’ हा तर जुन्या नाण्यांचाच खेळ, फक्त वस्तू बदललेली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन, कर मागणारे भामटे आहेत. घेणारा कधी शुल्क मागत नाही, तो पैसे देतो. लाखोंचं गिऱ्हाईक ९९९ साठी का अडेल?

हे सगळं मी ग्रुपवर जरा कमी शब्दांत टाकलं. तिसऱ्या दिवशी ओझरच्या एका मुलाचा फोटो आला: ‘काका, हे पदक नाही, पण यावर सिंह आहे.’ मी गेलो. चुलीशेजारी दुधाचं पातेलं, त्यावर झाकण म्हणून बारा सेंटिमीटरची कांस्याची चकती. ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री), सिंह, आणि चौकटीत एक नाव, हुद्द्याशिवाय. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या घरी पाठवायची ती स्मरणचकती. हुद्दा मुद्दामच लिहीत नसत, मरणात सगळे सारखे म्हणून. आजींना ते नाव सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं म्हणून ठाऊक होतं. ‘बसऱ्याला गेला तो गेलाच,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मला ती हवी होती, खोटं कशाला बोलू. येताना ओझरच्या बाजारातून एक स्टीलचं झाकण घेऊन त्यांना दिलं. चकती आता देवघराच्या फळीवर आहे, आणि राखेने घासायची नाही हे मी नातवाकडून दोनदा वदवून घेतलंय.