बिलं लावायची सोडून देणारी माणसं

पगाराच्या खात्यात काम करणाऱ्यांना माणसांबद्दल नको इतकं कळतं. कोणाचं नॉमिनी बदललं, कोणी पीएफमधून पैसे काढले, कोणाच्या पगाराला कोर्टाची नोटीस लागली. हे बाहेर बोलायचं नसतं, आणि मी बोलतही नाही. पण बर्नआउटबद्दल, म्हणजे कामानं आतून विझत गेलेल्या माणसांबद्दल, एक गोष्ट आज लिहिते. जिच्यात कोणाचं गुपित फुटत नाही अशी ती आहे, आणि गेली काही वर्षं मला ती सारखी दिसतेय.

दर जानेवारीत आम्ही गुंतवणुकीचे पुरावे मागवतो. जुन्या करप्रणालीत राहिलेली जी मंडळी आहेत त्यांच्याकडून. विम्याची पावती, घरभाड्याच्या पावत्या, गृहकर्जाच्या व्याजाचं सर्टिफिकेट. काही जण शेवटच्या रात्री पाठवतात, त्यांचं मी मनावर घेत नाही, तो स्वभाव असतो. काही मात्र पहिल्याच दिवशी पाठवणारे, प्रत्येक पीडीएफला नीट नाव दिलेले. आणि मग एखाद्या वर्षी त्यांच्यातलाच एक जण पाठवतच नाही. आठवण करून दिली, पुन्हा दिली, उत्तर नाही. फेब्रुवारीच्या पगारातून घसघशीत टॅक्स कापला जातो. मी फोन करते, तर पलीकडून अगदी शांत आवाज, "जाऊ द्या हो मॅडम, रिटर्न भरताना बघू."

मग मी त्याची बाकीची पानं बघते. रात्रपाळीच्या सपोर्टसाठी केलेल्या कॅबची बिलं कित्येक महिने लावलेली नाहीत. हक्काची रजा साठून साठून मर्यादेला टेकलेली. आणि सिक लीव्ह मात्र सुटी-सुटी, एकेक दिवसाची, बहुतेक सोमवारी.

लोक याला आळस म्हणतात. मला विचाराल तर पुणेरी माणूस स्वतःच्या खिशातून गेलेले पैसे मागायचे सोडतो, तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्याकडे जरा नीट बघावं.

बर्नआउट म्हटलं की आपल्याला फक्त थकवा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली, त्यात बर्नआउटची व्याख्या आहे. त्याला त्यांनी आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, असं म्हटलंय, आणि त्याच्या तीन खुणा दिल्यात. ताकद संपल्यासारखं वाटणं ही पहिली. कामापासून मन तुटणं, कामाबद्दल कडवटपणा येणं ही दुसरी. आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं, तिसरी. पहिली खूण सगळ्यांना कळते. "दमलायस रे, एक रविवार झोप काढ," असं आईसुद्धा सांगते. माझं म्हणणं दुसरीबद्दल आहे. ती आपल्याकडे ओळखली जात नाही एवढंच नाही, तिचं चक्क कौतुक होतं.

आमच्याकडे एक जण आहे. त्याला विचारूनच लिहितेय. पूर्वी मीटिंगमध्ये भांडायचा. हे असं चालणार नाही, ही तारीख कोणी कबूल केली, टेस्टिंगला वेळ कुठाय, असं सगळं. डोक्याला ताप होता, पण काम त्याचं होतं म्हणून भांडत होता. मग हळूहळू गप्प झाला. जे येईल त्याला "हो, करतो." त्याचा मॅनेजर मला कौतुकानं म्हणाला, "हल्ली खूप मॅच्युअर झालाय." अप्रेझलमध्ये बहुधा तसंच लिहिलंही असेल.

त्याच सुमारास आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात आम्ही पंगतीत शेजारी बसलो होतो. समोरच्या रांगेत कोणाच्या तरी फोनवर टीम्सची, म्हणजे ऑफिसच्या मेसेजच्या ॲपची, ती टिंग वाजली आणि याचा हात झटक्यात खिशाकडे गेला. वरणभात कालवलेला हात, तसाच, नव्या झब्ब्याला पुसत. फोन त्याचा नव्हताच. स्वतःचा फोन तर त्याने बायकोच्या पर्समध्ये ठेवायला दिला होता. त्याने झब्ब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे जेवलाच नाही. मठ्ठ्याची वाटी तेवढी रिकामी केली. हा मॅच्युअर झालेला माणूस.

शरीर आधीपासून सांगत असतं, पण आपण त्याला "पित्त" म्हणून मोकळे होतो. पुण्यात पित्त या एका शब्दात काय काय मावतं! रविवारी संध्याकाळी पाचच्या पुढे पोटात गोळा येतो, ते पित्त. पहाटे तीनला जाग येऊन डोक्यात कालचीच ईमेल फिरत राहते, तेही पित्त. मान आखडते, डोकं दुखतं, मुलांनी काही विचारलं की अंगावर ओरडलं जातं, आणि वर सकाळी अनशापोटी एक गोळी. वर्षानुवर्षं अशी गोळी घेणारे माझ्या ओळखीत इतके आहेत की कधीतरी वाटतं जेवणाच्या कुपनांऐवजी कंपन्यांनी तिचीच कुपनं द्यावीत.

गोळी हवीच असेल तर आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्या, हे मात्र गंभीरपणे सांगते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांतलं काही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच गळून जातो, आणि त्याचे उपचार वेगळे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं काही दुर्मीळ नाही.

दुसरी गल्लत होते ती डिप्रेशनशी. फरक काटेकोर नाही, एकातून दुसऱ्यात माणूस जाऊ शकतो. पण ढोबळमानाने असं, की बर्नआउट कामाला चिकटलेलं असतं. गावाला गेल्यावर, मित्र भेटल्यावर, लॅपटॉप नजरेआड झाल्यावर माणूस जरा माणसात येतो. कशातच रस वाटेनासा झाला, आवडती माणसंही नकोशी झाली, आपण नसलो तर बरं असं मनात येऊ लागलं, तर मग नोकरी बदलण्याचा सल्ला पुरेसा नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायचं, आणि लगेच. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास सुरू असते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

हे सगळं आयटीवाल्यांचं फॅड आहे, असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९७४ मध्ये ज्या मानसतज्ज्ञाच्या लेखातून हा शब्द अभ्यासात आला, ते हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर. त्यांनी हे बघितलं ते न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांमध्ये. तिथे ना बोनस ना अप्रेझल, सगळे मनापासून आलेले. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी ते मोजायची प्रश्नावली तयार केली, तीही सुरुवातीला माणसांची सेवा करणाऱ्या पेशांसाठीच. थोडक्यात, हे दुखणं मूळचं कळकळीनं काम करणाऱ्यांचं. ज्याला पहिल्या दिवसापासून पाट्याच टाकायच्यात त्याला सहसा काही होत नाही.

माझी वहिनी नर्स आहे. ती मला एकदा म्हणाली, "पूर्वी घरी येऊन मी कुलकर्णी आजींनी आज काय केलं ते सांगायचे. आता तुझ्या भावाला म्हणते, सात नंबर गेली." बेडचे नंबर सगळ्याच नर्स म्हणतात, कामाच्या घाईत म्हणावेच लागतात. पण ते स्वयंपाकघरात, पोळ्या लाटताना आपल्याच तोंडून आलं याची तिला भीती वाटली. तिचं तिलाच कळलं, हे तिचं नशीब. झेडपीच्या शाळेतली माझी मैत्रीण तर सांगते की शिकवणं हाच आता तिच्या दिवसातला विसावा आहे. बाकी वेळ याद्या, ऑनलाइन माहिती, कार्यक्रमाचे फोटो अपलोड, आणि निवडणुका आल्या की ती कामं.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कला जाणाऱ्यांना सांगायची गरज नाही आणि न जाणाऱ्यांना पटणार नाही.

आता उपायांकडे येते, कारण खरी चीड मला तिथे आहे. यावर कंपन्या काय करतात? वेलनेस वेबिनार. जेवणाच्या सुट्टीत, हजेरी सक्तीची, कॅमेरे ऑन. कोणीतरी गोड आवाजात सांगतं, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. खाली चॅटमध्ये कोणाचा तरी कामाचाच मेसेज, "दोनची बिल्ड गेली का?" त्या वेबिनारचं बिल पास करायला माझ्याच टेबलावरून जातं, म्हणून मला आकडाही माहीत आहे. सांगत नाही. त्या पैशांत एका टीमला एक जास्तीचा माणूस काही महिने मिळाला असता, एवढं सांगते.

योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी बर्नआउटची जी सहा कारणं मांडली ती बघा. कामाचा बोजा, कामावर आपला ताबा किती, मोबदला आणि कदर, सोबतची माणसं, न्यायाची वागणूक, आणि आपल्या मनाला पटणाऱ्या गोष्टींशी कामाचा मेळ. यातलं एक तरी श्वास रोखून सुटणारं आहे का? सहाही गोष्टी ऑफिसच्या हातातल्या, आणि औषध मात्र नोकरदाराच्या नाकपुडीत.

तासांचं तर बोलायलाच नको. मोठमोठे उद्योगपती कोणी सत्तर तासांचा आठवडा सांगतात, कोणी नव्वद. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, असं त्यात आहे. आपल्याच पुण्यात २०२४ मध्ये एक सव्वीस वर्षांची सीए मुलगी गेली. कामाच्या बोज्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. चार आठवडे चर्चा झाली. आमच्याकडे त्याच महिन्यात दोन वेबिनार झाले.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आठ दिवसांची किरकोळ रजा देतो, भरपगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवू देतो, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालतो, आणि जादा कामाला दुप्पट दराने पैसे द्यायला सांगतो. फक्त व्यवस्थापक किंवा पर्यवेक्षक दर्जाच्या पदांना तो लागू नाही. आमच्या व्हिजिटिंग कार्डांवर मॅनेजर आणि लीड यांचा एवढा सुकाळ का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ऑफिसनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नाही तर खासदाराने स्वतः आणलेलं, एकापेक्षा जास्त वेळा मांडलं आहे. पण खासगी विधेयक आपल्या संसदेत शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये, तेव्हा त्या भरवशावर कोणी राहू नये.

मग आपल्या हातात काय? फार नाही. पण शेजारच्या खुर्चीकडे बघणं आहे. "बरा आहेस ना?" विचारू नका, उत्तर "एकदम मस्त" असंच येतं. त्यापेक्षा मोजता येईल असं काहीतरी विचारा. शेवटची सलग आठवडाभराची रजा कधी घेतलीस? सुट्टीत लॅपटॉप नेला होतास का? सिंहगडावर जायचास दर रविवारी, बंद का केलंस? या प्रश्नांना "मस्त" हे उत्तर चालत नाही, माणसाला थांबून आठवावं लागतं. आणि एखादा भांडखोर सहकारी अचानक गोड वागायला लागला तर सुटलो म्हणू नका.

पंगतीतल्या माणसाबद्दल विचाराल म्हणून सांगते. त्याने डॉक्टरांना दाखवलं, मग साठलेली रजा एकदम टाकली. ती मंजूर करून घ्यायला त्याच्या बायकोला त्याच्या मागे लागावं लागलं आणि त्याला मॅनेजरच्या. परत आल्यावर रात्रीच्या सपोर्टमधून निघून दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. शिफ्टचा भत्ता गेला, म्हणजे पगारात खड्डा पडला, गाडीचा हप्ता जड जातोय. सगळं गोड झालं असं नाही. पण गेल्या महिन्यात नव्या मॅनेजरने माझ्याकडे तक्रार केली की हा मीटिंगमध्ये फार वाद घालतो. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला. मॅनेजरला.

आमच्या एचआरमधलं कोणी हे वाचत असेल तर, मर्यादेला टेकलेल्या रजांची विभागवार यादी मी दिवाळीच्या आधीच मेल केली आहे. "गुड इनिशिएटिव्ह" असं उत्तर आलं होतं. त्यापुढचं उत्तर अजून यायचंय.